भिंगरीच्या फाटकाची कडी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कडी आहे. पुरती कडीसुद्धा नाही हो, कडीचा तुकडा. वीतभर लांब, मधोमध फुगलेली, गंजाचे पापुद्रे सुटलेली. एक टोक तेवढं अजून गुळगुळीत आहे. मी जी गोष्ट सांगणार आहे ती त्या टोकाचीच आहे. ऐकताना मला नावं ठेवावीशी वाटली तर खुशाल ठेवा. मी स्वतःला इतकी ठेवली आहेत की त्यात आणखी चारांची भर पडली तर काही बिघडत नाही.

बंदराजवळच्या एका लोहाराच्या भट्टीत माझा जन्म झाला. त्याआधी मी कुठल्याशा मोडीत निघालेल्या बोटीच्या कठड्याची सळई होते. लोहार मोठा बोलका माणूस. गिऱ्हाईक नसलं की लोखंडाशीच गप्पा मारायचा. "असं अंग चोरू नकोस गं, दोन घाव सोस, मग बघ कशी दिसतेस!" त्याने मला सरळ केलं, धरायला एक मूठ वळवली, तेलात बुचकळून काळीभोर केली आणि हातावर तोलून म्हणाला, "घर पडेल, पण ही कडी जागची हलायची नाही." ते माझं पहिलं कौतुक. मी फुगून गेले. फुगायची खोड मला तेव्हापासूनची.

एका शिवणकाम करणाऱ्या बाईने मला विकत घेतलं. तिचं घर उताराच्या गल्लीत होतं. घरापुढे चार हातांचं अंगण, अंगणाला कमरेइतकं लाकडी फाटक, आणि फाटकाबाहेर लगेच रस्ता. फाटक लावून मला सरकवलं की मी शेजारच्या खांबातल्या भोकात जाऊन बसायचे. एवढंच माझं काम. आतलं माणूस आत ठेवायचं.

बाईचा नवरा नव्हता, मुलं दोन होती. मोठा शाळेत जाणारा, त्याला गल्लीत सगळे दादा म्हणत. धाकटी एका जागी ठरत नसे, सारखी स्वतःभोवती गरगर फिरायची, म्हणून तिला भिंगरी म्हणत. तिचं खरं नाव घरातही कुणी घेत नसे. फाटकाच्या खालच्या फळीवर पाय, वरच्या फळीला मिठी, आणि मागे-पुढे झोके घेत मोठमोठ्याने गाणं, हा तिचा आवडता खेळ. कडी लावलेली असायची, त्यामुळे फाटक उघडत नसे, नुसतं हिसके खायचं आणि मी खांबात खडखड वाजायचे. गाणं तिचं, ठेका माझा. खोटं कशाला बोलू, मला फार मजा यायची.

पण आमच्याकडची हवा लोखंडाच्या मुळावर उठलेली. वर्षातले आठ महिने समुद्रावरून खारा वारा, आणि राहिलेले महिने अशी थंडी की बादलीतलं पाणी दगड व्हायचं. त्या वाऱ्याने माझं टोक खालच्या अंगाने कुरतडायला घेतलं. आधी जे टोक सपाट होतं ते हळूहळू तिरकं, निसरडं झालं. खांबातलं भोकही झिजून मोठं झालं. मग फाटकाला जोराचा हिसका बसला की मी आपोआप मागे सरकायचे. दोन-तीन हिसके बसले की भोकातून साफ बाहेर. मला तेल हवं होतं, कानशीने एकदा घासून घ्यायला हवं होतं. कुणाच्या लक्षात आलं नाही. कडीकडे कोण बघतं? माणसं कडी लावतात, बघत नाहीत.

कधीमधी फाटक उघडं सापडायचं. मग आईचा पट्टा सुरू. "कितीदा सांगायचं तुला, कडी लाव म्हणून? हात मोडलेत का?"

"लावली होती गं आई!"

"मग काय भूत येऊन उघडतं?"

दादा पाय आपटत आत जायचा. मित्रांनो, ते भूत मी होते. बोलणी त्या पोराने खाल्ली आणि चूक माझी होती. मला तोंड नाही, हे माझं ठरलेलं कारण. पण खरं सांगू? तेव्हा मला त्याचं तितकंसं वाईटही वाटलं नव्हतं. आपली चूक दुसऱ्याच्या नावावर जात असली की मन कसं निवांत असतं.

त्या दिवशी दादा शाळेतून आला. भूक लागली होती, धावतच आत गेला. पण जाताना वळून त्याने मला नीट लावलं. थोड्या वेळाने आई एका गिऱ्हाईक बाईला सोडायला फाटकापर्यंत आली. बाई गेली, आईनेही मला नीट लावलं. तिच्या अंगठ्याचा दाब मला अजून आठवतो. मग ती मशीनवर जाऊन बसली. आणि भिंगरी फाटकावर चढली.

पहिला हिसका. दुसरा. मला कळत होतं मी सरकते आहे. ती गात होती, मीही वाजत होते. तिसऱ्या हिसक्याला फाटक सताड उघडलं, भिंगरीला घेऊन रस्त्यावर गेलं, आणि उतारावरून मालाची गाडी येत होती. पुढचं मी सांगणार नाही.

आई रस्त्यावर बसून एकच विचारत होती. "कडी कुणी उघडी टाकली? कडी उघडी राहिलीच कशी?" पुन्हा पुन्हा, तेच. दादा फाटकाशी उभा होता, दहा वर्षांचं पोर. त्याच्या हातातली पोळी तशीच हातात राहिली होती.

फाटक काढून टाकलं. मला मात्र आईने फडक्यात गुंडाळून स्वयंपाकघरातल्या खणात ठेवलं. खण उघडला की ती मला बघायची आणि पुन्हा लावायची. त्या घरात नंतर फार कमी बोलणं झालं. "जेवलास का?" "हो." "स्वेटर घाल." "हो." फाटकाचं नाव कुणी काढलं नाही.

भिंगरीच्या थडग्यावर एक उभा दगड बसवला होता. मऊ, पिवळसर वालुकाश्म. त्यावर आईच्या सांगण्यावरून एकच शब्द कोरलेला: भिंगरी. दफनभूमी टेकडीच्या माथ्यावर, समुद्राच्या अगदी तोंडावर. काही वर्षांनी एका वादळात तो दगड खालून एक तृतीयांश उंचीवर मोडून पडला. नाव वरच्या तुकड्यात होतं, ते वाचलं. तेव्हा आई मला घेऊन पाथरवटाकडे गेली. दफनभूमीतले दगड धुणं, सांधणं, कलले असतील तर सरळ करणं, हे सगळं तोच करायचा.

त्याने फडकं सोडून मला पाहिलं आणि मान हलवली. "ताई, लोखंड दगडात घालू नये. त्याला ओल लागली की ते फुगतं आणि दगड फोडतं. माझ्याकडे पितळेची सळई आहे, ती घालतो."

"हीच घाला," आई म्हणाली. "तिला आत धरून ठेवायचं काम हिचं होतं. तेव्हा धरलं नाही. आता धरू दे."

पाथरवटाने हातात पितळेची सळई घेतली, खाली ठेवली, पुन्हा घेतली. शेवटी त्याने माझी मूठ कापून टाकली. मला वाटतं, आईला नाही म्हणायला त्याची जीभ रेटली नाही. चूक काय होणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि तरी त्याने ती केली. दगडाच्या दोन्ही तुकड्यांत त्याने समोरासमोर भोकं पाडली. माझं झिजलेलं टोक खालच्या भोकात घातलं आणि भोवती वितळलेलं शिसं ओतलं. वरचं अंग वरच्या तुकड्यात गेलं, चुन्यात बसलं. सांधा चुन्याने बंद झाला आणि अंधार झाला.

तुम्ही म्हणाल, दगडात पुरल्यावर तुला कळत कसं होतं? लोखंडाला आवाज अंगातून कळतो. कुणी दगडाला टेकून बोललं की शब्द न् शब्द माझ्यापर्यंत यायचा. आणि मी ठरवलं होतं, आता हलायचं नाही. काय वाट्टेल ते होवो, भिंगरीचं नाव पडू द्यायचं नाही. पहिली काही वर्षं मी जीव तोडून धरलं. थंडी सुरू व्हायच्या आधी पाथरवट दरवर्षी यायचा, सांध्यातला जुना चुना खरवडून नवा भरायचा. "चुना नरम असतो, ओल बाहेर जाऊ देतो," असं तो स्वतःशीच म्हणायचा. मग दगडावर हात ठेवायचा. "जमेल तेवढं धर बाई." तो माझ्याशी बोलतोय हे मला कळायचं.

आई दर आठवड्याला यायची. दगडाला पाठ टेकून बसायची. एकदा, बऱ्याच दिवसांनी, तिच्या तोंडून निघालं.

"भिंगरे, त्या बाईला सोडायला आले आणि कडी लावायची विसरले गं मी. मशीनवर ब्लाउज अर्धा पडला होता, जीव सगळा त्यात. दादाला कसं सांगू? तो काय म्हणेल मला? माझ्याशी धड बोलत नाही तो. त्याला कळलं असणार."

अगं, लावली होतीस! मी आत ओरडत होते. तुझा अंगठा होता माझ्यावर! मी निसटले, मी! पण दगडात पुरलेली कडी ओरडली काय आणि न ओरडली काय.

मग पाथरवट म्हातारा झाला. त्याचे हात थरथरायला लागले, टेकडी चढवेना. त्याचं येणं बंद झालं. दोन हिवाळ्यांत सांध्यातला चुना भुसभुशीत होऊन गळला, आणि खारं पाणी माझ्यापर्यंत पोचलं.

मित्रांनो, गंज चढतो म्हणजे काय होतं, ते सांगते. आपलं अंग आपलं राहत नाही. ते सुजतं, वाढतं, जागा मागतं. टोकाला शिशाचं पांघरूण होतं म्हणून ते बचावलं. पण वरचं सगळं अंग फुगायला लागलं. मी स्वतःला आवरायचा किती प्रयत्न केला म्हणून सांगू! दगड बिचारा मला सांभाळून घेत होता, आणि मी त्याला आतून फोडत होते. एका थंडीच्या दिवसात बारीकसा आवाज झाला, चिमणीने दाणा फोडावा एवढाच. सांध्यापासून वर, नावाच्या दिशेने, केसासारखी एक भेग गेली. एकदा धरलं नाही म्हणून पोर गेली. आता धरते आहे, तर नाव जातंय. मी करू तरी काय, सांगा.

आईला भेग दिसली. तिने दादाला कळवलं असावं, कारण काही दिवसांनी दादा आला. तोवर तो चाळिशी ओलांडून गेला होता, दुसऱ्या गावी नोकरी करत होता. त्याच्या पावलांचा आवाज जड होता, पण मी ओळखला. त्याने येताना तारेचा ब्रश, ॲसिडची बाटली आणि सिमेंटची पिशवी आणली होती. दगडावर दगडफूल चढलं होतं, शेवाळ होतं. त्याने ॲसिड ओतलं आणि तारेच्या ब्रशने दगड घासायला घेतला. खसाखसा, दात-ओठ खाऊन. त्या मऊ दगडाची वरची साल निघून वाऱ्यावर उडाली. हवेला तोंड देत वर्षानुवर्षं घट्ट झालेली साल होती ती. मग त्याने भेगेत आणि सांध्यात सिमेंट कोंबलं, वरून जाड लिंपण केलं आणि दोन पावलं मागे गेला.

"झालं बघ भिंगरे. चकाचक."

आणि मग तो मटकन खाली बसला. "मी कडी लावली नाही गं," तो म्हणाला. "पोळीसाठी धावत आत गेलो. आई त्या दिवशी सगळ्यांदेखत विचारत होती, कडी कुणी उघडी टाकली. नाव घेतलं नाही तिने माझं, पण मला कळलं. मला आईला तोंड दाखवायची लाज वाटते गं. म्हणून येत नाही मी."

आता मला सांगा, अशा वेळी लोखंडाने काय करावं? आई समजते, आपली चूक. मुलगा समजतो, आपली. आई स्वतःलाच विचारत होती, आणि पोराने ते अंगावर घेतलं होतं. दोघंही मूग गिळून गप्प. आणि ज्या दगडाला टेकून दोघं वेगवेगळ्या वेळी येऊन रडतात, त्या दगडाच्या पोटात मी! खरी गुन्हेगार! सगळं ठाऊक असून मुकी! शरमेने वितळता आलं असतं तर मी तेव्हाच वितळले असते.

सिमेंटने घात केला. चुना ओल बाहेर सोडायचा. सिमेंटने ती आत कोंडली. पुढच्या हिवाळ्यात ते पाणी गोठलं, दगड सिमेंटच्या कडेने फुटला, आणि नावाच्या पहिल्या अक्षराचा एक टवका गळून खाली पडला. आईने तो उचलून पदरात बांधला. आता तीसुद्धा थकली होती, लोक तिला आजी म्हणायचे. टवका पदरात तसाच ठेवून ती पाथरवटाच्या घरी गेली. पाथरवट राहिला नव्हता. त्याची लेक त्याचं काम करत होती.

ती आली ती बडबडतच. शेजारच्या थडग्यांशीसुद्धा तिची ओळख. "काय आजोबा, डोक्यावर बाग फुलवलीत की! येते हं तुमच्याकडे." मग आमच्या दगडापाशी येऊन थांबली. लाकडी हातोडीने तिने हळूच ठोकून पाहिलं, कान लावला.

"हाच तो," ती म्हणाली. "बाबा सांगायचे मला या दगडाबद्दल. 'एका आईला मी नाही म्हणू शकलो नाही, दगडात लोखंड घालून बसलो,' म्हणायचे. शेवटपर्यंत मनाला लागून राहिलं होतं त्यांच्या. आजी, ते लोखंड काढायला हवं. नाहीतर पुढच्या थंडीत नाव राहणार नाही."

"कडी काढायची नाही," आजी म्हणाली.

"अहो, तीच तर फोडतेय दगड!"

"फोडू दे. ती तिथेच राहील."

लेकीने खूप समजावलं. आजी मान हलवायला तयार नाही. तेव्हा लेक कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "मी एकटी हे ठरवणार नाही. मुलाला बोलवा. घरचं दुसरं माणूस आल्याशिवाय मी छिन्नी लावत नाही. तोवर दगड धुऊन घेते."

दादा येईपर्यंत तिने दगड धुतला. कसा, तेही सांगते, कारण अशी धुणारी माणसं आता फार राहिली नाहीत. थंडी सरून हवा ऊबदार झाल्यावरच तिने काम धरलं. आधी नुसत्या पाण्याने दगड चिंब केला. मग मऊ ब्रशने खालून वर, म्हणजे वरची घाण ओघळून कोरड्या दगडावर डाग पडत नाहीत. अक्षरांतलं शेवाळ बांबूच्या काडीने काढलं. मग कागदाचा लगदा भिजवून दगडावर थापला आणि वाळू दिला. तो दगडातलं मीठ स्वतःकडे ओढून घेतो. वाळला की काढायचा, नवा थापायचा. "उगी उगी," ती दगडाला म्हणत होती. "झालंच."

दादा आला. सिमेंटवर बोट ठेवून लेकीने विचारलं, "ही कारागिरी कुणाची?"

"माझी," दादा खाली बघत म्हणाला.

"प्रेमाने केलीत, दिसतंच आहे. रागावलेला माणूस एवढं सिमेंट वाया नाही घालवत." मग तिने काय करायला हवं ते सांगितलं. "तुमच्या आई ऐकत नाहीत. दगडातली कडी काढू देत नाहीत."

"कडी?" दादाला ठाऊकच नव्हतं. "कुठली कडी?"

आजीचा हात दगडावर होता, नाहीतर मला ऐकू आलंच नसतं. आजी म्हणाली, "फाटकाची."

दादा झटकन मागे सरला. "ती इथे का घातलीस, आई? मला शिक्षा म्हणून? माझी चूक कायमची इथे राहावी म्हणून?"

"तुला कशाला? मला! मी उघडी टाकली होती ती. त्या बाईला सोडायला गेले आणि... तू घरात होतास. तुझा काय संबंध?"

"आई, मी उघडी टाकली होती. शाळेतून आलो तेव्हा."

"अरे, तुझ्यानंतर मी गेले होते ना फाटकावर!"

"मला कुठे माहीत होतं? तू विचारत होतीस, कडी कुणी उघडी टाकली. मला वाटलं मलाच..."

"मी मलाच विचारत होते रे बाळा," आजी म्हणाली. लेक पाठ वळवून उगाचच ब्रश धूत राहिली.

शेवटी आजीच म्हणाली, "काढा."

लेकीने बारीक छिन्नीने सिमेंट कोरून काढलं. तीन पायांची तिवई उभी केली, साखळीच्या कप्पीने वरचा तुकडा अलगद उचलला. कितीतरी वर्षांनी माझ्या अंगावर ऊन पडलं. माझं रूप बघून मलाच लाज वाटली. मग तिने खालच्या भोकातून शिशासकट मला उपटून काढलं, आणि संत्र्याची साल सोलावी तशी ती शिशाची साल सोलली. आत माझं टोक होतं. जसंच्या तसं, त्या दिवशीसारखं तिरकं.

तिने ते बोटाने चाचपलं, उन्हात धरलं. कपाळाला आठी पडली. "ही फाटकाची कडी होती म्हणता? आणि फाटक हिने बंद राहायचं?"

"हो. का?"

"मग हे टोक बघा. खालून पार झिजलंय. बाबांनी घासलेलं नाही हे, कानशीच्या खुणा नाहीत. हे मिठाने खाल्लंय, खांबात घासून घासून असं झालंय." तिने आपल्या मुठीचा खांब केला आणि मला त्यात सरकवलं. "आता फाटक हलवा. हलवा ना, दादा."

दादाने मुठीला हिसका दिला. मी मागे सरकले. दुसरा हिसका. तिसऱ्याला मी तिच्या मुठीतून निसटून खाली गवतात पडले.

"लावली काय, न लावली काय, सारखंच होतं," लेक म्हणाली. "ही कडी कुणी उघडी टाकली नाही. ती आपली आपण निसटली."

मित्रांनो, माझ्या तोंडून कधी न निघालेलं वाक्य ते. मी वाट पाहत होते की आता मला समुद्रात फेकतील, आणि फेकायलाच हवं होतं. दादा गवतात हात घालून मला शोधत होता, पण त्याला दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते. आजीने मला उचललं. तिचा अंगठा पुन्हा माझ्यावर टेकला, पूर्वीसारखाच.

ती माझ्याकडे बघतच नव्हती. दादाकडे बघत होती. "म्हणजे तेव्हासुद्धा," ती म्हणाली, "फाटक उघडं दिसलं की मी तुला बोलायचे. हात मोडलेत का म्हणायचे. तू म्हणायचास, लावली होती. तू खरंच लावायचास रे."

"जाऊ दे गं आई."

"कसं जाऊ दे? दरवेळी लावायचास. आणि मी म्हणायचे, भूत उघडतं का!"

दादाने तिला जवळ घेतलं. तो पन्नाशीचा माणूस, हमसून हमसून रडत होता. "लावायचो गं," एवढंच म्हणत होता. "रोज लावायचो."

दगड आता पुन्हा उभा आहे. आत न गंजणारी सळई आहे, सांध्यात चुना आहे. अक्षराचा टवका आजीच्या पदरातून निघून आपल्या जागी बसला. शिवण दिसते, पण नाव वाचता येतं. दादा थंडीच्या आधी येतो आणि चुना भरतो, दगड खालून वर धुतो. सिमेंटच्या बाबतीत त्याने कानाला खडा लावलाय. आता तो आईकडेच राहायला आलाय.

मला कुणी फेकलं नाही. मी शिवणाच्या मशीनशेजारी, बटणांच्या डब्याच्या झाकणात पडून असते. आजी मशीनला तेल घालते तेव्हा कुपीतला एक थेंब माझ्या टोकावर सोडते. "खाऱ्या वाऱ्यात उभी केली आणि कधी तेलाचा थेंब दिला नाही हिला," असं पुटपुटते. ती तेवढी चूक आपल्याकडे ठेवून घेते. मला ते बघवत नाही. तेल बोचतं मला. मी मोकळी झाले का, विचाराल तर नाही. माणसं सुटली, पण भिंगरी काही परत आली नाही, आणि तिसऱ्या हिसक्याला मी वाजत होते हे मी विसरू शकत नाही.

म्हणून एक मागणं आहे, मित्रांनो. दारा-फाटकाच्या कड्या अधूनमधून हलवून बघत जा. तेलाचा थेंब द्या, टोक झिजलं असेल तर बदला. दगड धुवायचा असेल तर पाण्याने धुवा, मऊ हाताने. आणि घरात एखादं पोर म्हणालं, "मी लावली होती," तर त्याला बोलायच्या आधी एकदा तरी वाका आणि कडी बघा. कुणाला काही विचारायचं राहून गेलं असेल तर ते विचारून टाका. आमच्यासारख्या मुक्या वस्तूंवर सोडू नका, आम्ही फार उशीर करतो.

बाहेर पावलं वाजली. दादा आला. दार लोटल्याचा आवाज, मग कडी सरकल्याचा.

"आई, कडी लावली गं!" तो दारातूनच ओरडतो. रोज ओरडतो.

आजी मशीन थांबवत नाही. "लावलीच असणार तू," ती म्हणते.